हेल्मेटच्या सुरक्षिततेबाबत

मनुष्याचं डोकं त्याच्या शरीराच्या सर्वांत वरच्या टोकाला बसवलेलं असल्यामुळे, वरून पडणारी कोणतीही वस्तू प्रथम डोक्यालाच भेटते. ही रचना करताना निसर्गाने कारखान्यांचा विचार केलेला दिसत नाही. डोकं जर पोटाच्या आसपास कुठे असतं, तर औद्योगिक सुरक्षेचं निम्मं काम परस्पर मिटलं असतं. तसं नसल्यामुळे सरकारला कायदे करावे लागतात, कारखान्यांना सुरक्षा अधिकारी नेमावे लागतात आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना पित्ताच्या गोळ्या घ्याव्या लागतात.

फैयाज तांबोळी रोज सकाळी एक गोळी घेत असे. नगरजवळच्या औद्योगिक वसाहतीत (जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, मात्र कारखान्याची पाटी बदलण्याचा विषय पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवला आहे) 'रतनमाळ चेन अँड कन्व्हेयर' नावाचा कारखाना आहे, तिथे तो सुरक्षा अधिकारी होता. साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाच्या मोळ्या ओढून नेणारी जाडजूड साखळी असते, ती इथे तयार होते. कारखान्याचे मालक रामहरी आबा. ते मूळचे अकोल्याचे. (नगर जिल्ह्यातलं अकोले. विदर्भातलं अकोला वेगळं, हे सांगण्यात आबांच्या आयुष्याचा बराच काळ गेला आहे.)

कारखान्याच्या छताखालून एक लोखंडी रूळ जातो. त्या रुळावर आकडे आहेत. आकड्यांना साखळीचे तुकडे टांगले की ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झुलत जातात. रूळ जिथे वळण घेतो तिथे हे तुकडे एकमेकांवर आपटतात आणि अधूनमधून त्यातली एखादी पिन निसटून खाली पडते. ही पिन म्हणजे टाचणी नव्हे. अंगठ्याएवढ्या जाडीचा, चांगला पाव किलोचा पोलादी दांडा असतो तो. आणि अगदी त्याच वळणाखाली, कोणत्याही अन्य ठिकाणी नव्हे, भीमाची जागा होती.

भीमा कर्जतकडचा. खालून साखळी उचलायची आणि आकड्याला अडकवायची हे त्याचं काम, आणि ते तो वर न बघता, तंबाखू मळत, शेजाऱ्याशी ऊस-पाण्याच्या गप्पा मारत करी. त्याच्या डोक्याला टक्कल होतं. खोबरेल तेल लावल्यामुळे ते चकाकत असे आणि फैयाजला ते शेडच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसत असे. फैयाजला कामावर रुजू झाल्या दिवसापासून या एकाच डोक्याची काळजी होती. बाकीच्या डोक्यांवर काही पडण्याची शक्यता होती, या डोक्यावर पडण्याची वेळ ठरायची होती एवढंच.

फैयाजने सर्वप्रथम वळणाखाली लोखंडी जाळी बसवण्याचा प्रस्ताव दिला. आबांनी तो ऐकून घेतला.

"जाळी लावली तर पिन वरच अडकंल," ते म्हणाले. "मग ती काढायला मानूस वर चढवा. तो पडला तर त्याची जबाबदारी कुनाची? त्यापरीस पिन खालीच पडलेली बरी. उचलली की झालं."

या युक्तिवादात सुरक्षेचा विचार होता हे फैयाजला नाकारता आलं नाही. प्रस्ताव विचाराधीन झाला. विचाराधीन झालेल्या प्रस्तावाचं एक बरं असतं, त्याच्याकडे पुन्हा कुणी बघत नाही, त्यामुळे तो खराब होत नाही.

मग फैयाजने हेल्मेटांची मागणी केली आणि ती मंजूर झाली. चाळीस पिवळी हेल्मेटं आली. ती भांडारपाल मच्छिंद्रने ताब्यात घेतली. मच्छिंद्र हा नियमाचा पक्का माणूस. भांडाराचा नियम असा होता की जुनी वस्तू जमा केल्याशिवाय नवी देता येत नाही. कारखान्यात यापूर्वी हेल्मेट नव्हतं, त्यामुळे जुनं हेल्मेट कुणाकडेच नव्हतं, त्यामुळे नवं कुणालाच देता येत नव्हतं.

फैयाजने डोकं चालवलं. त्याने घरून आपलं डिप्लोमाच्या काळातलं हेल्मेट आणून जमा केलं आणि नवं घेतलं. मग ते जमा केलं आणि दुसरं घेतलं. मच्छिंद्रची यास काहीच हरकत नव्हती, उलट नियम पाळणारा अधिकारी बघून त्याला भरून आलं. संध्याकाळपर्यंत चाळीसच्या चाळीस हेल्मेटांचं नियमानुसार वाटप झालं होतं. फैयाजच्या हातात एक हेल्मेट होतं आणि भांडारात पुन्हा चाळीस होती.

ते एक त्याने भीमाला नेऊन दिलं. भीमाने ते दोन्ही हातांनी घेतलं, आत वाकून बघितलं आणि बाजूला ठेवलं.

"साहेब, ह्ये घातलं की कानावर येतं. मग वरनं पिन सुटल्याचा आवाज कसा यायचा? आन आवाज आला न्हाई तर मी बाजूला कवा व्हनार?"

"अरे, हेल्मेट असल्यावर बाजूला व्हायची गरजच नाही."

"म्हंजी डोक्यावर पाडून घ्यायची व्हय?" भीमाने इतक्या दुःखाने विचारलं की आपण त्याला काहीतरी वाईट सांगितलं असं फैयाजला वाटलं.

हेल्मेट वाया मात्र गेलं नाही. पडलेल्या पिना गोळा करून ठेवायला भीमाला एक चांगलं भांडं मिळालं.

अशा रीतीने कारखान्याची सुरक्षा सुरळीत चालली असताना मार्चमधला सुरक्षा सप्ताह आला. आबांना वर्षातला कोणताही सप्ताह आवडत असे, कारण सप्ताह म्हटला की उद्घाटन आलं आणि उद्घाटन म्हटलं की पाहुणा आला. यंदा एका साखर कारखान्याचे संचालक बोलावले होते. गेटावरच त्यांना शाल, श्रीफळ देऊन भलामोठा भगवा फेटा बांधण्यात आला. तुऱ्यासकट तो फेटा जवळजवळ हातभर उंच होता. शेडच्या दाराशी फैयाज उभा होता आणि त्याच्या डोक्यावर त्यानेच लावलेली पाटी होती : 'हेल्मेटशिवाय आत प्रवेश नाही.'

फेट्यावर हेल्मेट बसत नव्हतं. दाबून बघितलं, तिरपं करून बघितलं. पाहुण्यांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा होऊ लागला. फेटा काढायला सांगणं म्हणजे पाहुण्याची पगडी सगळ्यांसमोर उतरवण्यासारखं होतं. आबांनी पाटी काढा म्हणून डोळ्यांनी खुणावलं. त्या क्षणी फैयाजला जे सुचलं ते त्याला आयुष्यभर पुरलं.

"आबा," तो मोठ्या आवाजात म्हणाला, "सुरक्षा सप्ताहात पाहुण्यांचा मान सुरक्षेनेच करायला हवा. आपण आजपासून फेट्याऐवजी हेल्मेट घालून सत्कार करू."

टाळ्या पडल्या. फेटा सन्मानपूर्वक उतरवून ताटात ठेवण्यात आला. मच्छिंद्र धावत जाऊन भांडारातून हेल्मेट घेऊन आला (सत्काराच्या साहित्याला जुनं जमा करण्याचा नियम लागू नव्हता). आबांनी ते पाहुण्यांच्या डोक्यावर चढवलं, फोटो निघाले, आणि आख्ख्या परिसरात अशी कल्पना कुणाच्याच डोक्यात आली नव्हती असं पाहुणे भाषणात म्हणाले. त्या दिवशी फैयाज घरी गेला तेव्हा त्याची छाती दोन बोटं पुढे होती. लोकांच्या मनात हेल्मेटबद्दल आदर निर्माण करायचा, हेच तर त्याच्या अभ्यासक्रमात पहिल्या धड्यात होतं.

आदर निर्माण झाला. तो इतका झपाट्याने निर्माण झाला की आवरणं अवघड होऊन बसलं. पुढच्या आठवड्यात निवृत्त होणाऱ्या वॉचमनला हेल्मेट घालण्यात आलं. दहावीत पहिल्या आलेल्या मुलीला हेल्मेट आणि वह्या-पुस्तकं देण्यात आली. आबांच्या गावात जिल्हा रस्त्याच्या खड्ड्याबाबत निवेदन स्वीकारल्याबद्दल एका अधिकाऱ्याचा हेल्मेट देऊन गौरव झाला. (खड्डा आहे तिथेच आहे आणि त्या दृष्टीने हेल्मेट योग्यच होतं.) मग आबांच्या पुतण्याचं लग्न आलं. नवरदेव पांढऱ्या हेल्मेटमध्ये घोड्यावर बसला, हेल्मेटवरून मुंडावळ्या सोडल्या होत्या, आणि मंगलाष्टकं संपताच पडलेल्या अक्षतांचा टप टप आवाज शेवटच्या पंगतीपर्यंत ऐकू गेला. सासरच्या मंडळींनी मानपानात किती हेल्मेटं आली ते मोजून घेतलं. एक कमी होतं. त्यावरून एक मामा जेवायला बसले नाहीत.

हळूहळू रंगांनाही प्रतिष्ठा आली. पांढरं मान्यवरांना, निळं व्याह्यांना, पिवळं साध्या सत्काराला. शनिशिंगणापूरला जाणाऱ्या रस्त्यावर दर चौकात फ्लेक्स लागले, त्यांवर हेल्मेट घातलेले हसरे चेहरे ओळीने होते. बाहेरून आलेल्या एखाद्याला वाटलं असतं की इथे फार मोठं बांधकाम चालू आहे.

वर्षाअखेरीस फैयाजने अहवालासाठी हिशेब केला. कारखान्याने घेतलेल्या हेल्मेटांपैकी सत्कारासाठी गेलेली एकसष्ट टक्के, लग्नकार्यासाठी चौतीस टक्के, मच्छिंद्रने 'नमुना' म्हणून कुलपात ठेवलेली पाच टक्के. काम करत असताना डोक्यावर असलेली : शून्य. (हा आकडा दोनदा तपासून घेतला.)

कारण आता कामावर हेल्मेट घालणं ही सोपी गोष्ट उरली नव्हती. ओम नावाच्या वेल्डरने एकदा सरळ मनाने ते डोक्यावर ठेवलं, तर चहाच्या सुट्टीपर्यंत त्याला सगळ्या शेडने गाठलं.

"काय पावनं, कशाबद्दल सत्कार?"

"पेढं कुठायत?"

"आमाला बोलावलं न्हाई ते न्हाई, निदान सांगायचं तरी."

ओमने हेल्मेट काढलं, वर सगळ्यांना पदरमोड करून भजी खाऊ घातली, आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही. हे प्रकरण आबांच्या कानावर गेलं. आबांना ते गंभीर वाटलं. ज्या हेल्मेटने संचालकांचा मान केला तेच उद्या कुणीही उठून डोक्यावर घालू लागलं तर त्या मानाला काय अर्थ राहिला? त्यांनी परिपत्रक काढलं : 'हेल्मेट ही सन्मानाची वस्तू असल्याने रीतसर सत्कार झाल्याशिवाय कोणत्याही कामगाराने ते परिधान करू नये. केल्यास शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.' सुरक्षेशी संबंधित कागद असल्याने त्याखाली सुरक्षा अधिकाऱ्याची सही आवश्यक होती. फैयाजने ती केली. सही करताना त्याने दुसरी गोळी घेतली.

आणि मग एका मंगळवारी दुपारी पिन पडली.

भीमाने आवाज ऐकला होता. तो बाजूलाही झाला होता. फक्त तो ज्या बाजूला झाला त्याच बाजूला पिन आली. डोक्याला चांगली खोक पडली, टाके घालावे लागले, आणि दवाखान्याच्या बाकावर फैयाज त्याच्याशेजारी बसला तेव्हा भीमाच्या सदऱ्यावर खांद्यापर्यंत रक्त होतं. फैयाजला फार वाईट वाटलं. आपण एवढं शिकून, एवढ्या पाट्या लावून, एका माणसाचं एक डोकं सांभाळू शकलो नाही, हे त्याच्या मनात घुसून बसलं. पुढची पिन जरा मध्यावर पडली तर टाके घालायला कुणी उरणार नाही, हेही त्याला स्वच्छ दिसत होतं.

"साहेब, तुमी नगा मनाला लावून घेऊ," भीमा म्हणाला. "चूक माझीच हाय. मी डावीकडं व्हायला पायजे हुतं."

दुसऱ्या दिवशी भीमा बँडेज बांधून कामावर हजर झाला. पांढरंशुभ्र बँडेज, गोल, कपाळापर्यंत. लांबून ते हेल्मेटसारखंच दिसे. कुणीतरी आबांकडे तक्रारही केली, पण चौकशीअंती ते बँडेजच असल्याचं निष्पन्न झालं आणि भीमाला ताकीद देऊन सोडण्यात आलं.

फैयाजने ठरवलं, आता सरळ मार्ग एकच. सत्कार झाल्याशिवाय हेल्मेट नाही ना, तर भीमाचा सत्कार करायचा. तो आबांकडे गेला.

"कशाबद्दल करायचा?" आबांनी विचारलं.

"डोक्यावर पिन पडूनही एक दिवस रजा न घेतल्याबद्दल."

आबा खुर्चीत सरसावून बसले. असा कामगार आपल्याकडे आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी लगेच मांडव घालायला सांगितलं. कार्यक्रमाला भीमाची बायको बनुबाई इरकल नेसून पुढच्या रांगेत बसली होती. आबांनी भाषणात सांगितलं की भीमाचं डोकं हे भीमाचं एकट्याचं नाही, ते सगळ्या कारखान्याचं डोकं आहे, आणि अशी डोकी असतील तर कारखान्याला कशाचीच भीती नाही. मग त्यांनी स्वतःच्या हाताने भीमाच्या बँडेजवर पिवळं हेल्मेट चढवलं. पट्टा हनुवटीखाली लागला, खट् असा आवाज आला, आणि मांडवाच्या मागे उभ्या असलेल्या फैयाजच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढे दिवस तो ज्या आवाजाची वाट बघत होता तो आवाज त्याने ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमा वळणाखाली उभा होता. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता.

"हेल्मेट कुठाय?"

"घरी हाय की."

"घरी कशाला?"

"आता सत्काराची वस्तू ती, साहेब. हितं तेलात, ग्रीसमधी कशी आनायची? बनूनं शोकेसमधी ठिवलीय. रोज कुनी ना कुनी बघायला येतंय."

रविवारी फैयाज मोटारसायकल काढून भीमाच्या घरी गेला.

दोन खोल्यांचं घर, पण टापटीप. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दुकानातली वेष्टणं अजून तशीच होती. फ्रीजच्या माथ्यावर खिशांचं कापड होतं. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोन रबर लावलेले होते. आणि शोकेसच्या मधल्या कप्प्यात, कपबशांचा सेट हलवून केलेल्या जागेत, हेल्मेट होतं. त्याला क्रोशाने विणलेली झालर होती आणि समोर हळदीकुंकू लावलेलं होतं. भीमा लाजून खाली बघत होता. बनुबाईने चहा दिला.

"वहिनी," फैयाज म्हणाला, "ते हेल्मेट भीमाला कामावर घालायला द्या. त्याच्या जिवाचा प्रश्न आहे."

"द्यायला माझं काय जातंय, भाऊ? पन तिथं वरनं काय काय पडतंय म्हनं."

"पडतं. म्हणूनच तर."

"म्हनूनच न्हाई देत. त्याच्यावर पिन पडली तर पोचा न्हाई का येनार? मग पावन्यांना काय पोचा दाखवू?"

"आणि भीमाच्या डोक्यावर पडली तर?"

बनुबाईने नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्यात बरीच वर्षं होती.

"त्यांचं डोकं त्यांचं हाय, भाऊ. लगीन झाल्यापासनं सांगून ऱ्हायले, त्यात काय शिरत न्हाई. रातभर उशाशी बसून बँडेज बघितलं मी, तरी बी सकाळी गेलेच. त्यांना कुनी आडवायचं? हेल्मेट मातर माझं हाय. त्याला कुठं न्यायचं आसंल तर आधी तिथं वरनं झाकन करा."

फैयाज चहाचा घोट घ्यायचा विसरला. कारखान्यात जे त्याला कुणी म्हटलं नव्हतं ते या बाईने म्हटलं होतं, फक्त वेगळ्या वस्तूबद्दल म्हटलं होतं. तो तसाच उठला, बनुबाईला नमस्कार केला आणि सोमवारी सकाळी आबांच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिला.

"आबा, जिथे भीमाला पिन लागली तिथे एक प्रेरणास्थळ करू या. काचेच्या पेटीत त्याचं हेल्मेट. आपल्या हस्ते उद्घाटन."

'उद्घाटन' हा शब्द संपायच्या आत आबा उभे राहिले होते. ते स्वतः जागा बघायला शेडमध्ये आले. वळणाखाली भीमा उभा होता, त्याला दोन पावलं बाजूला व्हायला सांगून आबांनी हाताने पेटीची उंची ठरवली, कुठून फोटो चांगला येईल ते बघितलं, आणि मग, कारखाना सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, त्यांनी मान वर केली.

"हितं वरनं काय पडत न्हाई ना?"

"पडते, आबा. पिन पडते."

"आन काचंवर पडली तर?"

"काच फुटेल."

"आन हेल्मेटवर?"

"पोचा येईल."

आबांचा चेहरा उतरला. मग ते रागावले.

"तांबोळी साहेब, तुमी सुरक्षा अधिकारी हाय ना? येवढी साधी गोष्ट तुमच्या ध्यानात कशी आली न्हाई? मानाची वस्तू हितं ठिवायची आन वरून पिना पडत्यात? जाळी लावा आधी. आजच्या आज."

"चुकलं, आबा," फैयाज म्हणाला.

जाळी पेटीपुरती, दोन फूट बाय दोन फूट पुरे, असं आबांचं मत होतं. पण फैयाज आता तयार झाला होता. पिन जमिनीवर पडली तर उसळते, उसळली तर काचेला बाजूने लागू शकते, असं त्याने कागदावर आकृती काढून सिद्ध केलं. त्यावर आबांनी संपूर्ण वळणाखाली, या भिंतीपासून त्या खांबापर्यंत, दुहेरी जाळी मंजूर केली, आणि वर अडकलेल्या पिना काढायला एक शिडी आणि कमरेचा पट्टाही घेतला, कारण शिडीवरचा माणूस घसरून पेटीवर पडला असता. संध्याकाळी वेल्डिंगच्या ठिणग्या थांबल्या तेव्हा जाळीच्या खाली काचेची पेटी होती, पेटीत, वर झाकण झालं म्हणून बनुबाईने दिलेलं, झालर लावलेलं हेल्मेट होतं आणि पेटीला टेकून, तंबाखू मळत, भीमा उभा होता. फैयाज शेडच्या मागे गेला आणि तिथल्या लिंबाखाली एकटाच बराच वेळ हसला. त्या रात्री त्याने गोळी घेतली नाही.

उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांनी पहिली पिन जाळीवर पडली. टण्ण असा आवाज झाला. शेडमधली सगळी माणसं हातातलं काम टाकून पेटीकडे धावली. मच्छिंद्र भांडाराला कुलूप न लावता आला, हे पहिल्यांदाच घडलं. आबा केबिनमधून चपला न घालता आले. सर्वांत पुढे भीमा होता. त्याने काचेवरून चारी बाजूंनी हात फिरवला, वाकून आत बघितलं.

"न्हाई, हेल्मेटला काय झालं न्हाई," तो म्हणाला आणि त्याने मोठा श्वास सोडला.

सगळ्यांनी श्वास सोडला. फैयाज मात्र गर्दीच्या मागून भीमाच्या डोक्याकडे बघत होता. टाक्यांचा व्रण आता पुसट झाला होता, बाकी डोकं अखंड होतं आणि खोबरेलाने छान चकाकत होतं. त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचंही लक्ष नव्हतं.

त्या वर्षी एका औद्योगिक संघटनेने कारखान्याला सुरक्षेची ढाल दिली. ती घासून-पुसून दुसऱ्या एका काचेच्या पेटीत ठेवली आहे. वार्षिक अहवालात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे : 'चालू वर्षात हेल्मेटला झालेले अपघात : शून्य.' आकडा खरा आहे.

ही हकीकत वाचून ज्या वाचकांना रतनमाळच्या मंडळींचं हसू आलं असेल त्यांनी ते मोकळेपणाने हसून घ्यावं. हसून झालं की शेजारी पडलेला टीव्हीचा रिमोट बघावा, त्याच्यावरची पिशवी शाबूत आहे ना. फ्रीजवरचं कापड, मिक्सरवरचं झबलं, सोफ्यावरची चादर आणि त्या चादरीवर पाहुणे नसताना घालायची दुसरी चादर, हेही पाहून घ्यावं. मोबाईलला पुढून काच आणि मागून कव्हर आहेच. खाली स्कूटर उभी आहे, तिला ताडपत्री आहे. तिच्या डिकीत हेल्मेट आहे, दुकानातून आलं त्याच मऊ पिशवीत, एकही ओरखडा नसलेलं. सगळं जागच्या जागी सुरक्षित आहे. आता कोपऱ्यावरून दूधच तर आणायचं आहे, तेव्हा निघा तसेच. वाटेत पडलात, तर उठल्या उठल्या खिशातून काय काढून बघाल, ते तुम्हाला ठाऊक आहे.